अंगणाबाहेरचा विनोद

श्री. सारंग साठ्ये यांच्या विनोदाविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. परंतु लेखणी उचलली की एक ओशाळवाणी आठवण आडवी येई. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या तोंडाने केले आहे ते वाचकांस कळेल.

सन 2023 च्या गणेशोत्सवातील गोष्ट. आमच्या उज्जयिनीतील एका मराठी मंडळाच्या मुलांनी वीस मिनिटांचे एक प्रहसन बसविले होते. मोबाइलवर 'भाडिपा'च्या आई आणि मुलाच्या चित्रफिती पाहून पाहून त्यांना ते सुचले, हे ती मुले स्वतःच अभिमानाने सांगत. माळव्यातील एका मराठी घरातील आई, इंदूरला नोकरी करणारा तिचा मुलगा, प्रत्येक वाक्यात मध्ये बोलणारी आजी, असा सारा घरगुती मामला होता. कार्यकारिणीतील वडीलधाऱ्यांस धास्ती वाटली. आणि आपल्याकडे धास्ती वाटली की वकील आठवतो. "तुम्ही एकदा नजर घाला," म्हणून संहिता माझ्याकडे आली. मी नजर घातली आणि लाल पेन्सिलही घातली. दोन सौम्य शिव्या काढल्या; त्याविषयी मला आजही खेद नाही. मग हात सैल सुटला. मंडळाच्या हिशेबावरची एक कोपरखळी काढली. देवदर्शनाच्या खास रांगेवरची एक कोटी काढली. सुनेच्या पुरणपोळीविषयी आजीने काढलेले उद्गार 'कोणाला लागतील' म्हणून काढले. आणि शेवटी "करून राहिलो, येऊन राहिलो" ही आमची हिंदी वळणाची मराठी शुद्ध करून टाकली. प्रयोग निर्विघ्न पार पडला. टाळ्या पडल्या त्या मुलांच्या आईबापांच्या. घरी परतताना माझ्या आईने तिच्या कोंकणीत एवढेच विचारले, "आनी हांसपाचें खंय?"

आणि हसायचे कुठे? तिच्या प्रश्नाचा साधा अर्थ असा की, या नाटुकल्यात हसण्याजोगी जागाच नव्हती. परंतु मला पुढे पुढे त्या 'खंय'मध्ये दुसराही अर्थ दिसू लागला. माणसाने हसावयाचे ते कोणत्या ठिकाणी, कोणासमोर, कोणत्या दिवशी? साठ्ये यांची कारकीर्द मी पुन्हा नीट पाहिली ती हा प्रश्न डोक्यात ठेवून.

साठ्ये हे पुण्याच्या रंगभूमीवरून आलेले आहेत, ही गोष्ट त्यांच्याविषयी बोलताना बहुधा विसरली जाते. पुरुषोत्तम करंडकाच्या वातावरणात जी एक पिढी वाढली, एकांकिकेच्या तालमीत ज्यांची महाविद्यालयीन वर्षे गेली, त्यांतील निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ, आलोक राजवाडे आदी मंडळींबरोबर 'नाटक कंपनी' या संस्थेत त्यांनी काम केले. सन 2016 मध्ये अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन या दोघींच्या साहाय्याने त्यांनी 'भारतीय डिजिटल पार्टी' हे आंतरजालावरील विनोदाचे दालन उघडले. राजकीय पक्षाच्या धर्तीवर त्याचे 'भाडिपा' असे संक्षिप्त नाव झाले. उच्चारताना जिभेला थोडा वात्रटपणा जाणवावा, हाही त्यात हेतू असावाच. पॉला मॅकग्लिन या तर कॅनडातून आलेल्या. मराठी घराच्या चार भिंतींतला इतका बारकाईचा विनोद उभा करण्यात सातासमुद्रापलीकडच्या एका बाईचा हात असावा, ही गोष्ट आपल्या भाषाभिमानाने एकदा शांतपणे विचारात घेण्यासारखी आहे.

आंतरजालावरील विनोद म्हणजे काही अभूतपूर्व प्रकार आहे, असे समजून त्याची भीती किंवा कौतुक करणारे लोक आहेत. मला दोन्ही अस्थानी वाटतात. जे साधन नवे निघाले त्यावर विनोदी लेखक चढून बसला नाही, असे आजवर कधी झाले आहे? चिं. वि. जोशी यांचा चिमणराव मासिकांतून आणि पुस्तकांतून निघाला तो पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घरोघर गेला. जोगेश्वरीच्या सारस्वत वसाहतीत बालपण गेलेल्या पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' आधी लिहिली आणि 1961 मध्ये ती एकट्याने रंगमंचावर उभी केली. लेखक आणि नट एकाच अंगरख्यात कसे मावतात ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. आमच्या उज्जयिनीचेही एक उदाहरण आहे. हिंदीतील थोर व्यंगकार शरद जोशी यांचा जन्म 1931 मध्ये याच नगरीत झाला. कविसंमेलनाच्या व्यासपीठावर, जेथे लोक गेय कवितेसाठी कान टवकारून बसलेले असत, तेथे हे गृहस्थ गद्य वाचून दाखवीत आणि सभा जिंकीत. नंतर त्यांनी दूरदर्शनसाठी 'ये जो है जिंदगी' ही मालिका लिहिली, 1985 पासून 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे सदर चालविले. कागद, व्यासपीठ, दूरचित्रवाणी या तिन्ही पायऱ्या एकाच माणसाने ओलांडल्या. साठ्ये त्याच जिन्यावरची पुढची पायरी चढले आहेत. म्हणून त्यांचे मोजमाप साधनाच्या नवेपणावरून न करता विनोदाच्या जातीवरून केले पाहिजे.

आणि या कसोटीला त्यांचे सर्वोत्तम काम फार चांगले उतरते. ते काम म्हणजे अर्थातच 'आई आणि मी'. रेणुका दफ्तरदार यांची आई आणि आलोक राजवाडे यांचा मुलगा. प्रसंग पाहावा तर अगदी क्षुल्लक. ज्याला नाटककार 'घटना' म्हणतील असे त्यात काहीच नाही. एक मध्यमवर्गीय सदनिका, मोठा झालेला पण आईच्या लेखी न वाढलेला मुलगा, आणि एकच विचारणा चार निरनिराळ्या सुरांत पुन्हा पुन्हा करण्याचे आईचे ते अद्भुत सामर्थ्य. रेणुकाबाईंच्या अभिनयात एक गोष्ट विशेष आहे. त्या आईला कधीही हास्यास्पद करीत नाहीत. आईचे तर्कशास्त्र तिच्या जागी पूर्ण असते. मुलाचेही त्याच्या जागी पूर्ण असते. विनोद त्या दोन तर्कशास्त्रांच्या दारात एकमेकांना होणाऱ्या धक्क्यातून निघतो. कोणी खलपुरुष नाही, कोणी मूर्ख नाही. शेवटी बहुधा आईच जिंकते, आणि मुलाला ते मनातून हवेच असते.

भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत: पात्र स्वतः हसते ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसविते ते परस्थ. शास्त्रार्थाला थोडे ताणण्याची मुभा घेऊन मी असे म्हणेन की, 'आई आणि मी'मध्ये हे दोन्ही भेद एकरूप होतात. ज्यांना हसावयाचे तेच हसतात. माझ्या माहितीतील कितीतरी घरांत मुलाने ही फीत आईला पाठविली आहे, आणि त्याहून अधिक घरांत आईने मुलाला. थट्टेचा बाण ज्याच्यावर सोडला त्यानेच तो उचलून प्रेमाने परत द्यावा, यापरते विनोदाचे यश कोणते?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांस या कामाचे मोल आणखी एका कारणाने वाटते. पुण्यामुंबईच्या वाचकास ते सहसा कळणार नाही. आमची मुले शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी आणि घरात मोडकी मराठी बोलतात. त्यांच्यासाठी मराठी ही आरतीची, श्राद्धपक्षाची आणि आजीच्या रागाची भाषा होऊन बसली होती. पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना शिकविता येते. परंतु अर्ध्यात सोडलेले वाक्य, नुसता 'बरं' या शब्दाचा नाराजीचा उच्चार, 'असू दे' म्हणजे असू न देणे, ही जी चालती बोलती भाषा तिचे शिक्षण कोणत्याच वर्गात मिळत नाही. माझ्या घरातील पंधरा वर्षांच्या मुलाने ती या चित्रफितींतून उचलली. एके दिवशी त्याने मला अगदी त्या आईच्या सुरात "तुम्ही ठरवा, मी काय सांगणार" असे ऐकविले, तेव्हा मी रागवावे की पेढे वाटावेत हे मला कळेना.

याच कामाचे एक न्यून आहे आणि तेही येथेच नोंदवितो. हे मराठी घर बहुतांशी पुण्याचे घर आहे. वऱ्हाड, खानदेश, कोंकण, गोवे यांची बोली तेथे येते ती पुष्कळदा पाहुणी म्हणून, आणि पाहुणीच्या बोलण्याच्या लकबीवर हसण्याचा यजमानांचा हक्क गृहीत धरलेला असतो. आमची "येऊन राहिलो" तर तेथे बहुधा पोचलेलीच नाही. परंतु दुसऱ्याकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे असतात. तीच बोली मी माझ्या लाल पेन्सिलीने खोडली होती. पुण्याच्या माणसाने जे नकळत केले ते मी जाणूनबुजून केले.

'भाडिपा'च्या इतर उद्योगांविषयी थोडक्यात लिहितो. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काउच'मध्ये चित्रपटव्यवसायातील पाहुण्यांची घेतलेली फिरकी पहिल्यांदा फार ताजी वाटली. पुढे पाहुणाच फिरकी घेऊन घेण्याची तयारी करून येऊ लागला, तेव्हा तिची धार गेली. सन 2019 मधील 'पांडू' ही मुंबईच्या पोलीस शिपायांच्या दैनंदिन जिण्यावरील मालिका मात्र वकिलाने मुद्दाम पाहावी अशी आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्या शिपायाच्या हातातील कागद आपण त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता ओढून घेतो, तो चेहरा तेथे दिसतो. 'शांतीत क्रांती' ही 2022 ची मालिका साठ्ये आणि मॅकग्लिन यांनी दिग्दर्शित केली. तीन मित्र मौजेसाठी गोव्याला निघतात आणि पोचतात मात्र एका आत्मशोधाच्या केंद्रात. पुरुषांना रडता येत नाही आणि त्यामुळे त्यांना हसताही नीट येत नाही, हा त्यातील विषय खरा आणि दुर्मीळ आहे. गोव्याविषयी मात्र तक्रार आहे. मौज करावयाची तर गोवा, हे समीकरण हिंदी चित्रपटांनी इतके गुळगुळीत केले आहे की मराठी लेखकाने तरी ते उसने घेऊ नये. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेशी यांची कुळे सांगणाऱ्या आपल्या वाचकांना गोवा म्हणताच समुद्रकिनाऱ्याआधी दीपमाळ आठवते. त्या गोव्यातही विनोद काही कमी नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबतो, कारण माझ्या आईच्या 'खंय'चे उत्तर मला तेथेच सापडले.

सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील जत्रांतून ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांना संकासुर आठवेल. काळा पेहराव, तोंडावर काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लांब तांबडी जीभ. वेद पळवून नेणारा हा असुर. पण देवळाच्या अंगणात तो उभा राहतो आणि आपल्या गावरान बोलीत भटजीपासून मानकऱ्यापर्यंत कोणालाही सोडीत नाही. शिमग्यात तर आपल्या पूर्वजांनी ग्राम्य शब्दांनाही जागा दिली होती. फाल्गुनातील ठरलेले दिवस, होळीभोवतालची ठरलेली जागा, आणि त्यानंतर गप्प. गोव्यात ज्या पवित्र आवारात हे खेळ होतात त्याला 'मांड' म्हणतात. मांडावर नमन झाल्याशिवाय सोंग उभे राहत नाही. जांबावलीला श्री दामोदराच्या गुलालोत्सवात नाटकेही होतात, ती त्याच परंपरेची सुशिक्षित मुलगी होय. आपल्या देवळांनी विनोदाला हाकलून दिले नाही. त्याला मांड आखून दिला. मांडाच्या आत सारे क्षम्य, कारण हसणारा आणि हसविला जाणारा एकमेकांस ओळखतात आणि उद्या सकाळी एकाच विहिरीवर भेटणार असतात.

उज्जयिनीलाही हे शहाणपण ठाऊक आहे. येथे दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेला टेपा संमेलन भरते. टेपा म्हणजे माळवी बोलीत भोळा खेडवळ. डॉ. शिव शर्मा यांनी रुजविलेल्या या संमेलनात गावातील भल्याभल्यांना जाहीरपणे टेपा ठरविण्यात येते आणि ते त्यात धन्यता मानतात. वर्षातून एक दिवस, एक मंडप. हाही मांडच. आणि अधिक मागे जावयाचे तर कालिदासाचा विदूषक आहेच. राजाला 'वयस्य' म्हणण्याचा, म्हणजे मित्र म्हणून त्याची टर उडविण्याचा अधिकार त्याला होता, पण तो राजाच्या समोर उभा राहून बोले. 1958 पासून येथे भरणाऱ्या कालिदास समारोहात ही नाटके पाहताना मला नेहमी वाटते की, विदूषकाच्या प्राकृतावर आमची संस्कृतनिष्ठ मंडळी जितक्या मोकळेपणाने हसतात, तितके मोकळेपण त्यांनी आपल्या नातवंडांच्या बोलीलाही द्यावे.

आता आंतरजालाकडे वळू. त्याला मांड नाही. तेथे टाकलेली वस्तू कोणत्याही दिवशी, कोणत्याही घरात, कोणाच्याही हातात पडते. मित्रमंडळात ऐकावयाचे वाक्य आजोबा पूजा आटोपून सोवळे सोडण्याआधी ऐकतात. हा साधनाचा स्वभाव आहे, आणि त्यापुढे विनोदी लेखकासमोर दोनच मार्ग उरतात. एक, मांड स्वतःच्या लिखाणातच आखावयाचा. 'आई आणि मी'मध्ये साठ्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. त्या सदनिकेच्या भिंती हाच मांड. कोठेही पाहिले तरी आपण त्या घरात बसूनच पाहतो. दुसरा मार्ग असा की, मांड नाहीच असे मानून वाटेल ते बोलावयाचे आणि निर्लज्जपणालाच शौर्य समजावयाचे.

अमेरिकेत नटमंडळींच्या क्लबांतून आपल्याच मान्यवर सभासदाला सर्वांसमक्ष यथेच्छ झोडपण्याची रीत निघाली. तिला तिकडे 'रोस्ट' म्हणतात. मुळात तीही क्लबाच्या बंद दारामागची, म्हणजे मांडावरचीच. दूरचित्रवाणीने ती बाहेर काढली. आपल्याकडे 2014 च्या डिसेंबरात मुंबईत वरळीला 'एआयबी' या इंग्रजी-हिंदी विनोदी मंडळींनी तिचा मोठा प्रयोग केला, तो आंतरजालावर गेला, तक्रारी झाल्या, आणि 1015 नव्हे, 2015 साल असूनही तो मागे घ्यावा लागला. 'भाडिपा'ने त्याच जातीच्या आपल्या कार्यक्रमाला नाव दिले 'अतिशय निर्लज्ज कांदेपोहे'. नाव मोठे मराठी आहे, हे कबूल केले पाहिजे. मुलगी पाहावयास येणे, पोह्यांची बशी, ती अवघडलेली शांतता: हा आपल्या समाजाचा खरोखरच एक निर्लज्ज विधी आहे, आणि त्यावर मराठीत चांगला विनोद होऊ शकतो. पण माझ्या मते नावातील 'कांदेपोहे' जितके आपले आहेत तितका 'अतिशय निर्लज्ज' आपला नाही. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीचे. अधम म्हणून त्याने ते वगळले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. परंतु 'अति' हा उपसर्ग दारावरच लावून ठेवणे म्हणजे प्रेक्षकाला आधीच सांगणे की, येथे तुम्हांला धक्का बसणार आहे. विनोदाने धक्का द्यावा. पाटी लावू नये. जो लेखक आईच्या एका 'बरं'मधून घर हसवू शकतो त्याला या पाटीची गरज पडावी, याचे मला वाईट वाटते.

हे माझे वाङ्मयीन मत झाले. आता त्याच कार्यक्रमाच्या नशिबी पुढे जे आले त्याविषयी वकील म्हणून बोलणे भाग आहे.

सन 2025 च्या फेब्रुवारीत समय रैना यांच्या 'इंडियाज गॉट लेटंट' या हिंदी कार्यक्रमातील रणवीर अलाहबादिया यांच्या एका ओंगळ प्रश्नावरून देशभर गदारोळ उठला. मुंबईत, आसामात गुन्हे नोंदविले गेले. त्याच आठवड्यात 'भाडिपा'च्या कांदेपोह्यांचा सई ताम्हणकर यांच्यासमवेतचा भाग प्रसिद्ध व्हावयाचा होता. वातावरण पाहून तो पुढे ढकलण्यात आला. मराठी कार्यक्रमाविरुद्ध कोणत्याही न्यायालयाचा निकाल नव्हता. दुसऱ्याच्या घराला आग लागली म्हणून आपल्या घरातील चूल विझवावी, तसे हे झाले. आणि विझविणाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? बाहेर दगड घेऊन उभे राहण्याची भाषा करणाऱ्यांची वाण आपल्या समाजात कधीच नसते.

कायद्याची स्थिती वास्तविक इतकी भयप्रद नाही. आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे की, अश्लीलतेच्या भारतीय कायद्यातील एक महत्त्वाचा निर्णय एका मराठी कथेवरून झाला? चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर खटला झाला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये काकोडकरांना दोषमुक्त केले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत आणि लेखनाचा विचार समग्रतेने झाला पाहिजे, हा त्या निर्णयाचा आशय. 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. आणि 19 मार्च 2024 रोजी अपूर्वा अरोरा खटल्यात, एका महाविद्यालयीन मालिकेतील शिव्यांच्या संदर्भात, ग्राम्य आणि शिवराळ भाषा ही केवळ तेवढ्यामुळे अश्लील ठरत नाही, असे स्पष्ट सांगितले. शिवी ही कानाला खुपेल. पण ती कामवासना चेतविते असे नाही, हा साधा भेद त्यात आहे. अलाहबादिया यांनाही फेब्रुवारी 2025 मध्ये अटकेपासून संरक्षण मिळाले. मात्र न्यायपीठाने त्यांची तोंडी चांगलीच खरडपट्टी काढली आणि काही काळ कार्यक्रम करण्यास मनाई केली, ती मार्चमध्ये सभ्यतेच्या अटीवर उठविली.

या अटीने मी अस्वस्थ झालो. न्यायालयाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मीही तेच केले होते, आणि माझ्याजवळ कोणतेच पीठ नव्हते. सभ्यतेची अट घालणारा माणूस शिव्या काढण्याने प्रारंभ करतो. तेवढ्यावर तो थांबला तर फारसे बिघडत नाही. पण पेन्सिल हातात असली की तिला पुढचे शब्द आपोआप दिसू लागतात, आणि ते शब्द शिव्या नसतात. ते हिशेब असतात, रांगा असतात, अध्यक्ष असतात. आमच्या प्रहसनातून दोन शिव्या गेल्या तेव्हा प्रहसनाचे काहीच गेले नव्हते. त्याचा प्राण गेला तो मी हिशेबावरची कोपरखळी काढली तेव्हा. गंमत अशी की, मांड तेथे होता! गणपतीसमोरचे पटांगण, एकमेकांस ओळखणारे तीनशे लोक, वर्षातून दहा दिवस. जेथे संकासुराला मोकळीक द्यावयाची तेथेच मी कुलूप लावले, आणि घरी मात्र मोबाइलवर, जेथे मांडच नाही, तेथे मुलगा काय पाहतो याची मला कित्येक महिने वार्ताही नव्हती.

थोडे विषयांतर होईल, पण अलीकडे पॉडकास्ट नावाचा जो दीर्घ संभाषणाचा प्रकार मराठीत बहरला आहे त्याचा उल्लेख येथे करावासा वाटतो. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचे 'अमुक तमुक' हे त्यातील एक परिचित नाव. तासतासभर माणसे बसून संसार, आजार, एकटेपण यांविषयी बोलतात. ओसरीवरच्या गप्पाच त्या. फक्त ओसरी उरलेली नाही. विनोदाला जसा मांड लागतो तशी संभाषणाला ओसरी लागते, आणि ऐकणाऱ्यांची संख्या पाहता लोक त्या ओसरीला किती भुकेले होते ते दिसते. माझी आई, जिला कानाने कमी ऐकू येते, ती हे संभाषण मोठ्या आवाजात लावून वाटाणे सोलते आणि मधून मधून त्यांना कोंकणीत उत्तरेही देते.

साठ्ये यांच्याकडे परत येतो. पुढील काळात त्यांच्यावर दोन बाजूंनी ओढ राहील असे मला दिसते. एका बाजूला धमकी देणारे. त्यांच्यामुळे लेखक एक तर मवाळ होतो, नाही तर हट्टाने उद्धट होतो, आणि दोन्ही अवस्थांत त्याचे कान बिघडतात. दुसऱ्या बाजूला टाळ्या. 'अति'ला पडणाऱ्या टाळ्या स्मिताला मिळणाऱ्या टाळ्यांपेक्षा नेहमी मोठ्या असतात, कारण स्मिताला टाळी पडतच नाही. नाटकाच्या तालमीतून आलेल्या माणसाला हे सांगावयास नको की, प्रेक्षागृहातील शांतताही दाद असते. रंगमंचावरच्या त्यांच्या मराठी विनोदकथनाच्या कार्यक्रमांना तिकीट काढून लोक येतात, दारे बंद होतात, दिवे मालवतात. तेथे त्यांना हवे ते बोलू द्यावे, असे मी निःसंकोच म्हणेन. तो मांड आहे. घराघरांत शिरणाऱ्या चित्रफितींत मात्र त्यांनी ती सदनिका आणि ती आई सोडू नये, अशी एका वाचकाची, नव्हे, प्रेक्षकाची विनंती. त्या सदनिकेला एखादी माळव्यातली मावशी भेटावयास आली तर आमच्या गावात आनंद होईल. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचा जीर्णोद्धार केला तेव्हापासून आमची माणसे या गावात आहेत. अठराव्या शतकापासून येथे मराठी बोलली जाते आणि कोंकणीत कुरकुर केली जाते. एवढ्या मोठ्या कालावधीत हसण्याजोगे आमच्याकडेही थोडेबहुत साठलेले आहे.

यंदाच्या उत्सवासाठी मुलांनी नव्या प्रहसनाची वही मागच्या आठवड्यात माझ्याकडे आणून दिली. पहिल्याच पानावर पात्रपरिचयात आई, मुलगा, आजी आणि चौथे पात्र 'वकील काका' असे आहे. पुढची पाने मी उलटली नाहीत. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे. वही आईजवळ आहे, आणि ती चष्मा लावून वाचून राहिली आहे.